भाऊजींची हरवलेली चूक

आमच्या ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, वजनकाटे दुरुस्त करतात. एखादा काटा चिमूटभर मिठाइतकं खोटं बोलला तरी त्यांना घास गोड लागत नाही. काट्याच्या मालकाला तसं काही होत नाही, पण भाऊजींना होतं. भिंतीवरचा फोटो वाकडा दिसला तर तुम्हीआम्ही फोटो सरळ करतो. भाऊजी आधी भिंत तपासतात. ताई म्हणते, "लोकांच्या बायका नवऱ्याच्या रागाला भितात. मी याच्या फूटपट्टीला भिते." ती त्यांच्यासमोर 'अहो' म्हणते आणि माझ्यासमोर 'याच्या', यावरूनच संसार जुना आहे हे कळावं.

काट्यांपलीकडे भाऊजींना नाद एकच, काचेच्या व्हॉल्व्हचा. जुन्या रेडिओत असायचे तेच हे; पेटले की आतली तार नारिंगी दिसते आणि खोलीत कुणीतरी आपलं माणूस बसल्यासारखं वाटतं. हे माणूस मात्र चावरं असतं. व्हॉल्व्हच्या यंत्रात तीनशे व्होल्ट खेळत असतात. दोन्ही हात आत घातले तर वीज एका हातातून शिरते आणि काळजाची विचारपूस करून दुसऱ्या हातातून बाहेर पडते. म्हणून जाणकार माणूस डावा हात खिशात ठेवून काम करतो. भाऊजींच्या ही सवय इतकी हाडात मुरली की माझ्या लग्नाच्या एकूण एक फोटोत त्यांचा डावा हात खिशात आहे. माझ्या सासुरवाडीला कित्येक वर्षं वाटत होतं की बिचाऱ्यांचा हात अपघातात गेला असावा. भिडेखातर कुणी विषय काढला नाही. मग एका बारशाला त्यांनी दोन्ही हातांनी बाळ घेतलं, तेव्हा माझ्या सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

ही गोष्ट त्यांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे अण्णांची. अण्णा दिवसा लोकांना मोटार शिकवायचे आणि संध्याकाळी एका हॉटेलात गिटार वाजवायचे. मोटार शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. उभं आयुष्य त्यावर पाय ठेवून काढल्यामुळे समोरचा माणूस बोलता बोलता भरकटला की अण्णांचा पाय आपोआप जमीन दाबतो. मी बोलत असताना तो फार दाबतो.

हॉटेलात वाजवायला अण्णांकडे अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. तो भाऊजींनी बनवून दिला. तेव्हा ते बाविशीत होते, विद्या अर्धी आणि आत्मविश्वास दुप्पट. मोडक्या रेडिओंची आतडी काढून, ती एका पत्र्याच्या पेटीत कोंबून त्यांनी एक यंत्र उभं केलं. घरात त्याला 'डबा' म्हणत. पण त्या डब्यातून जो आवाज निघाला तो मी ऐकलाय. मी तेव्हा शाळेत होतो आणि ताईकडे सुट्टीला गेलो होतो. आवाज जाड होता, कडेला जरासा करपलेला. सूर आधी छाती काढून यायचा, मग दम लागल्यासारखा बसायचा आणि अण्णांनी बोटाखाली तार हलवली की पुन्हा उठून उभा राहायचा. जेवणारी माणसं हातातला घास हातात धरून थांबायची. वेटर म्हणत, अण्णा वाजवतात त्या दिवशी जेवण गार झाल्याच्या तक्रारी वाढतात.

मग हॉटेलच्या तळघरात पाणी शिरलं आणि डबा गेला. पाठोपाठ हॉटेलही गेलं. अण्णांनी दुकानातल्या तयार डब्यांवर काही दिवस वाजवून पाहिलं आणि गिटार कपाटावर ठेवून दिली. त्या आवाजाची टेप कुणी केली नव्हती. जे रोज संध्याकाळी मिळतं ते कुणी भरून ठेवत नाही.

अण्णांच्या डाव्या हाताची बोटं आखडायला लागली ती गेल्या वर्षी. डावा हात म्हणजे तारा दाबायचा हात. आधी शर्टाचं बटण लागेना, मग किल्ली फिरेना. डॉक्टर चांगला माणूस होता, त्याने उगीच धीर दिला नाही. म्हणाला, "हे मागे फिरणार नाही. आहे तोवर वापरून घ्या."

एका रविवारी दुपारी अण्णा गिटार घेऊन ताईकडे आले. मीही होतो, रविवारी दुपारी मी ताईकडेच असतो, कारण माझ्या घरी रविवारी कामं निघतात.

"धाकट्या," अण्णा म्हणाले, "बोटं चाललीत. जायच्या आत एकदा त्या डब्यावर वाजवायचंय. बनवशील?"

"कधीपर्यंत?"

"ते बोटांना विचार."

भाऊजी "बरं" म्हणाले. आमच्या भाऊजींचं 'बरं' म्हणजे इतरांचं प्रतिज्ञापत्र.

स्वयंपाकघरामागच्या खोलीत काम सुरू झालं. ताईची कपडे वाळत घालायची दोरी गेली, शिवणाचं मशीन गेलं आणि तिथे पत्रा, तारा, व्हॉल्व्ह आणि सोल्डरच्या धुराचं राज्य आलं. भाऊजींनी डबा असा बांधला की दागिना वाटावा. प्रत्येक तार काटकोनात वळलेली. तारांच्या जोडावरचा सोल्डरचा प्रत्येक डाग आरशासारखा. डब्याला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर मोठा, दणकट, नवाकोरा. व्हॉल्व्हवर पेन्सिलीने टिचकी मारून, कान लावून, आतलं काही खुळखुळत नाही ना ते पाहिलेलं. चालू केला तर गुणगुण नाही, खरखर नाही. चालू आहे की नाही ते बघायला ताईने हात लावला, तर दोन्ही भाऊ एकदम "हात काढ" म्हणाले.

अण्णांनी तार छेडली. आवाज आला तो उकळून गाळलेल्या पाण्यासारखा.

"छान आहे," अण्णा म्हणाले. "हा तो नाही."

"काय कमी आहे?"

"पोट नाही याला."

"पोट म्हणजे खालचे सूर?"

"खालचे आहेत की. पोट नाही." अण्णांनी आणखी एक सूर लावला. "तो हसायचा तेव्हा त्याला ठसका लागायचा. हा नुसता हसतोय. बँकेतल्या माणसासारखा."

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला 'ठसका' किती ग्रॅम ते कळायला हवं. भाऊजींनी कंडेन्सर बदलले. पुढच्या रविवारी अण्णा म्हणाले, "आता पोट आलं, पण ते याचं स्वतःचं नाही, उसनं आहे." भाऊजींनी व्हॉल्व्ह बदलले. "आता जरा जुना वाटतो, पण म्हातारा वाटत नाही." भाऊजींनी स्पीकर बदलला. "हं," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा पाय जमीन दाबायला लागला.

अशा कितीतरी रविवारांनंतर, एकदा मी गेलो तर भाऊजी उघड्या डब्यासमोर नुसते बसले होते. डावा हात खिशात, उजवाही खिशात. हे मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

"मेव्हणे," ते म्हणाले, "माझं कुठे चुकतंय ते कळलं. माझं चुकतच नाहीये."

"मग प्रश्न मिटला."

"मिटला कसला? तो पहिला डबा चुकीचा होता. बाविसाव्या वर्षी मला काय येत होतं? कुठेतरी घोडचूक केली असणार आणि तो आवाज त्या चुकीचाच होता. ती चूक शोधायला हवी."

"करा की मग एखादी चूक."

"कुठली? ज्या दिवशी केली त्या दिवशी ती चूक आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत नसलेली गोष्ट आठवायची कशी?"

ताई चहा घेऊन आली होती. "बाविसाव्या वर्षी यांनी आणखी एक चूक केली. ती अजून चालू आहे," ती म्हणाली.

"लग्न चोविसाव्या वर्षी झालं," भाऊजी म्हणाले. अचूकपणा असा कुठेही नडतो.

तिथून पुढे जे सुरू झालं ते मी कुठल्याही कारखान्यात पाहिलेलं नाही. साठीला आलेला एक काटेकोर माणूस बाविशीतल्या एका अर्धवट पोराइतकं चुकायचा प्रयत्न करू लागला. ते सोपं नसतं. भाऊजी मुद्दाम एक डाग कच्चा ठेवायचे, जेवायला बसायचे, दोन घास खाऊन उठायचे आणि तो पक्का करून यायचे. एकदा त्यांनी तारा आडव्यातिडव्या टाकल्या. टाकून झाल्यावर मी पाहिलं, तर आडव्या तारा नीट एका कोनात होत्या आणि तिडव्या दुसऱ्या. एकदा खरोखरच एक चूक जमली, तर डबा रेडिओ पकडायला लागला. अण्णा सूर लावायचे आणि मागून एक बाई बातम्या सांगायची. अण्णा म्हणाले, "बाई चांगली आहे. हा तो नाही."

"डोळे मिटून डाग द्या," मी सुचवलं.

"दिला. बरोबर बसला," भाऊजी कमालीच्या खिन्नपणे म्हणाले.

या सगळ्यात आम्ही हसत होतो हे खरं आहे. पण त्याच खोलीत आणखी एक गोष्ट चालली होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. सुरुवातीला अण्णा डबा तपासायला म्हणून अख्खं गाणं वाजवायचे. मग मुखडाच वाजवू लागले. मग चार सूर. आता ते एक तार छेडायचे आणि लगेच म्हणायचे, "नाही." चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत. गिटार पिशवीतून काढायचं काम केव्हा कुणास ठाऊक ताईकडे आलं होतं. ताई ती काढून त्यांच्या मांडीवर ठेवायची, जशी बाळाला आजोबांच्या मांडीवर ठेवतात तशी, एक हात खाली धरून.

अशाच एका रविवारी अण्णा सहज म्हणाले, "आणि वासही येत नाही रे याला."

भाऊजींचा स्क्रूड्रायव्हर थांबला. "कसला वास?"

"यायचा ना. दोन गाणी झाली की. इस्त्री कापडावर विसरल्यासारखा. मॅनेजर एकदा नाक वर करून अख्खं हॉटेल फिरला होता, कुठे काय जळतंय म्हणून. तू तेव्हा म्हणालास, नवीन रंगाचा आहे, जाईल. चार वर्षं गेला नाही."

भाऊजी उठले आणि चप्पल न घालता अंगणात जाऊन आले.

करपल्यासारखा वास म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचं वार्निश. वार्निश तापतं म्हणजे ट्रान्सफॉर्मर कामाच्या मानाने लहान होता. बाविसाव्या वर्षी भाऊजींनी हाताला लागेल तो उचलला होता, टेबलावरच्या पिटुकल्या रेडिओतला. सायकलच्या कॅरिअरवर कपाट बांधावं तसा अण्णांचा सूर त्यावर बांधला होता. म्हणून तो दमायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. पोट, ठसका, करपलेली कड, सगळं ट्रान्सफॉर्मरच्या त्या दमलेल्या लोखंडाचं होतं.

भाऊजी भंगारवाल्याकडे गेले. तसला रेडिओ तिथे होता, पण भंगारवाल्याचा काटा खोटा होता. भाऊजींनी आधी काटा दुरुस्त केला, मग रेडिओ घेतला. भंगारवाला म्हणाला, असं गिऱ्हाईक पुन्हा न येवो.

पुढच्या रविवारी मला सकाळीच बोलावणं आलं. डबा तयार होता. अण्णा यायला अवकाश होता. कॉलेजात असताना मी गिटारवर तीन सूर शिकलो होतो आणि नंतर त्यातला एक विसरलो, त्यामुळे तपासणीला मीच. भाऊजींनी शेजाऱ्याच्या मुलीची गिटार मागून आणली होती. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबलो. मी खालची तार दाबून छेडली.

तो आला. छाती काढून आला, बसला, आणि मी बोट हलवलं तसा पुन्हा उठला. माझ्यासारख्या माणसाच्या हातून. मला शाळेतली सुट्टी आठवली, हॉटेलची गार फरशी आठवली. ताई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली आणि दाराशीच उभी राहिली. "अगं बाई," एवढंच म्हणाली. भाऊजींनी चष्मा काढून पुसला, घातला आणि पुन्हा काढला. त्या माणसाला इतकं खूश मी त्यांच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि हो, थोड्या वेळाने वासही आला.

अण्णा आले तेव्हा भाऊजींनी काही सांगितलं नाही. नुसते म्हणाले, "वाजव." पण त्यांच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं, आणि अण्णांना आपल्या धाकट्याचं तोंड वाचता येतं. त्यांनी तळहात विजारीला पुसले. ताईने गिटार मांडीवर ठेवली. अण्णांनी डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने एक एक करून तारांवर नेऊन ठेवली आणि छेडली.

खट्ट असा आवाज आला, वाळक्या पानासारखा. तार पुरती दाबलीच गेली नव्हती. त्यांनी बोटं पुन्हा मांडली. या वेळी सूर निघाला, पण निघता निघताच बोट घसरलं आणि सूर मेला. तिसऱ्यांदा त्यांनी दात आवळून दाबलं. हात थरथरला आणि डब्याने ती थरथर मोठी करून अख्ख्या खोलीला ऐकवली. जो डबा इतका खरा होता तो हेही खरंच सांगणार.

अण्णांनी बोटं तारांवरून एक एक करून उचलली. मग त्यांनी मान वर केली आणि डब्याकडे पाहिलं.

"नाही रे," ते म्हणाले. "अजून नाही."

मी भाऊजींकडे बघायचं टाळलं. ताईने पदराला हात पुसले, ते आधीच कोरडे होते.

"मलाही वाटलंच," भाऊजी म्हणाले. "म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा दोष नव्हे. माझा अंदाज चुकला."

"असू दे. सापडेल."

"सापडेल की."

अण्णा गेल्यावर ताई म्हणाली, "अहो, सकाळी तर तोच होता."

"तोच होता."

"मग सांगायचं ना त्यांना."

"काय सांगू?" भाऊजी म्हणाले. ताई आत कणीक मळायला गेली. मी डब्यातल्या नारिंगी तारा विझताना बघत बसलो. त्या एकदम विझत नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी तो पिटुकला ट्रान्सफॉर्मर काढला आणि भंगारवाल्याला परत नेऊन दिला. मी म्हटलं, "राहू द्या की घरात. इतके दिवस शोधला."

"घरात राहिला तर मी लावीन," ते म्हणाले. "एखाद्या दिवशी राहवणार नाही मला."

मोठा, दणकट, निर्दोष ट्रान्सफॉर्मर पुन्हा जागेवर बसला. रविवार चालूच राहिले. अण्णा यायचे, भाऊजी सांगायचे या आठवड्यात हे बदललं, ते बदललं. कधी खरंच बदललेलं असायचं, कधी नाही. अण्णा एक तार छेडायचे, बहुतेक वेळा उघडीच, न दाबता. "नाही," म्हणायचे. चहा घ्यायचे. ताई आता कप अर्धाच भरायची.

मग एके दिवशी अण्णांनी गिटार मांडीवर घेतलीच नाही. ती त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"पाहुणे, आज तुम्ही वाजवा. मी लांबून ऐकतो. धाकटाच सांगत असतो ना, दोष शोधायचा तर एका वेळी एकच वस्तू बदलून बघावी." त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं नाही. "आज वाजवणारा बदलून बघू. डब्याचं आहे का दुसरं काही, एकदा कळेल तरी."

मी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी डब्याकडे बघत होते. "वाजवा मेव्हणे," ते म्हणाले. "नीट वाजवा."

अण्णा दाराशी जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. मी तार दाबली, होती तेवढी ताकद लावून दाबली, आणि छेडली. डब्यातून गाळलेल्या पाण्यासारखा आवाज आला. स्वच्छ, सरळ, बिनपोटाचा. मी पुन्हा छेडली. बोट हलवलं. आवाज जिथे होता तिथेच उभा राहिला.

अण्णांचे खांदे खाली आले. ते वळले तेव्हा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल दिसला.

"बघ," ते म्हणाले. "डब्यातच आहे."

"हो अण्णा," भाऊजी म्हणाले. "डब्यातच आहे."

"शोध तू. घाई नाही." त्यांनी गिटारीकडे पाहिलं, उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "ही इथेच असू दे. जमलं की निरोप धाड, मी येतो."

"पुढच्या रविवारी या ना अण्णा, चहाला," ताई म्हणाली.

"जमलं की येतो," अण्णा म्हणाले.

ते चपला शोधू लागले. त्यांच्या बोटांमुळे आता चपलांनाही वेळ लागायचा. भाऊजींनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डब्याचे चारही स्क्रू काढून मागचा पत्रा उघडला. आत बघण्यासारखं काही नव्हतं. पण अण्णा अजून दारात होते.